फोटो कुणाच्या ताब्यात राहणार? हौशी छायाचित्रकाराच्या संपादन सॉफ्टवेअरचा आढावा

कॅमेरा घेण्याआधी माणूस महिनाभर चौकशी करतो. लेन्स घेताना तर दोन महिने घालवतो. फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर मात्र घरात येते ते मित्राकडे आहे म्हणून, नाहीतर संगणक जोडून देणाऱ्याने टाकून दिले म्हणून. आणि मग तेच दहा-पंधरा वर्षे राहते. कॅमेरा बदलतो, लेन्स विकल्या जातात. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण हजारो फोटो लावून ठेवले, त्यांना तारे दिले, नावे दिली, रंग सुधारले, ते सोडणे फार जड जाते. खरेदीतला सर्वांत टिकाऊ निर्णय आपण सर्वांत कमी विचाराने घेतो.

या विषयावर सल्ला भरपूर मिळतो, पण तो बहुतेक व्यावसायिकांचा असतो. त्यांची गरज वेगळी आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला दोन हजार फोटो आठवड्यात हातावेगळे करायचे असतात; सॉफ्टवेअरचे मासिक भाडे त्याच्या बिलात निघून जाते, आणि अल्बम गिऱ्हाइकाच्या हाती गेला की त्याचे काम संपते. हौशी माणसाचे उलट आहे. पैसे स्वतःच्या खिशातले, वेळ रविवारचा, आणि फोटो आयुष्यभर जवळ ठेवायचे. व्यावसायिकाला वेग हवा, हौशी माणसाला टिकाऊपणा हवा. ही कसोटी लावली की बाजारातल्या नावांचा क्रम बराच बदलतो.

संपादन म्हणताना आपण तीन वेगळी कामे एकत्र बोलतो. पहिले, फोटो निवडणे, लावणे आणि पुन्हा सापडतील असे ठेवणे. दुसरे, कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमधून चित्र तयार करणे: उजेड, रंग, सावल्या, नॉइज. तिसरे, चित्रातच फेरफार करणे: तार काढणे, दोन फोटो जोडणे, अक्षरे टाकणे. फोटोशॉप मुळात तिसऱ्या कामाचे आहे, लाइटरूम पहिल्या दोन कामांचे. अनेक नवखे लोक फोटोशॉप शिकायला बसतात आणि लेयरच्या जंगलात अडकून हौसच सोडून देतात. त्यांना खरे म्हणजे दुसऱ्या कामाचे साधन हवे असते. निसर्ग, प्रवास, सण, पक्षी टिपणाऱ्याचे बहुतेक काम तिथेच संपते.

रॉ फाइलचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. आषाढी वारीत दुपारी फोटो काढला, तर पांढरी टोपी आणि धोतर उन्हात तळपत असते आणि टोपीखालचा रापलेला चेहरा सावलीत असतो. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४. म्हणून रॉमध्ये चेहरा उजळता येतो आणि टोपीची वीणही राखता येते. जेपेगमध्ये तोच प्रयत्न केला की चेहऱ्यावर डाग उमटतात. मर्यादा एकच: जिथे सेन्सर पूर्ण भरून पांढराफटक झाला, तिथे कोणतेही सॉफ्टवेअर काही परत आणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग टिपतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी रचलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या जाळीवर आजचे बहुतेक कॅमेरे चालतात. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशोबाने काढावे लागतात आणि हा हिशोब प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने करते. म्हणून एकच रॉ फाइल तीन ठिकाणी उघडली तर हळदीचा पिवळा, शेंदराचा केशरी आणि गव्हाळ त्वचा तीन तऱ्हेची दिसते. त्यातले एक बरोबर आणि दोन चूक असे नसते. पण कोणते आपल्या डोळ्याला पटते हे आपल्याच फोटोंवर पाहावे लागते, जाहिरातीतल्या आइसलंडच्या धबधब्यावर नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला तोच रंग हवा असेल, तर त्याचे उत्तर कॅमेरा कंपनीनेच फुकट दिलेले असते. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे २०२१ साली आलेले एनएक्स स्टुडिओ, सोनीचे इमेजिंग एज. फुजीफिल्मचे एक्स रॉ स्टुडिओ तर यूएसबी तारेने जोडलेल्या कॅमेऱ्याचाच प्रोसेसर वापरते, त्यामुळे रंग तंतोतंत कॅमेऱ्याचे येतात. ही साधने दिसायला रुक्ष आहेत, दुसऱ्या कंपनीच्या रॉ फाइल्स त्यांना चालत नाहीत, हजारो फोटोंची व्यवस्था लावायला ती तोकडी पडतात. तरीही पहिले सहा महिने यांवरच शिकावे असे माझे ठाम मत आहे. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, हिस्टोग्राम ही मुळाक्षरे इथे कमी गोंधळात शिकता येतात, आणि पैसे भरायची वेळ येईपर्यंत आपल्याला नेमके काय कमी पडते ते कळलेले असते.

आता मुख्य प्रश्न, टिकाऊपणाचा. या क्षेत्राचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास पाहिला की सावध व्हायला होते. पिकासा आठवत असेल. गुगलने २००४ साली ती कंपनी घेतली, सॉफ्टवेअर फुकट केले, आणि आपल्याकडे घरोघरच्या संगणकांवर ते बसले. सहली, बारसी, मुंजी, सगळे त्यात. २०१६ साली गुगलने ते बंद केले. मूळ फोटो शाबूत राहिले. पण केलेले बदल प्रत्येक फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये पिकासाच्या स्वतःच्या भाषेत होते आणि इतर सॉफ्टवेअरना ते सहसा कळत नसत. ॲपलचे अपर्चर त्याहून गंभीर साधन होते. २००५ साली आले, गंभीर हौशी लोकांनी त्यावर पैसे आणि वर्षे घातली. २०१४ साली ॲपलने विकास थांबवल्याचे जाहीर केले, आणि मॅकच्या २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ते चालेनासेच झाले. निक कलेक्शन ही फिल्टरची नावाजलेली मालिका: २०१२ साली गुगलकडे, २०१६ साली फुकट, २०१७ साली फ्रान्सच्या डीएक्सओ कंपनीला विकली, आणि पुन्हा विकाऊ झाली. लाइटरूम ६ ज्यांनी एकरकमी विकत घेतले होते, त्यांचा नकाशाचा विभाग २०१८च्या अखेरीस बंद पडला, कारण त्यामागची गुगल नकाशाची परवानगी संपली. विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग असा काढून घेतला गेला.

यात मोठ्या कंपन्याही होत्या, फुकट साधनेही होती आणि पैसे मोजून घेतलेलीही. तेव्हा मोठे नाव पाहून निर्धास्त होणे उपयोगाचे नाही. विचारायचे ते हे: मी केलेले काम कुठे साठते, आणि हे साधन बंद पडले तर ते काम मला घेऊन बाहेर पडता येते का?

इथे एक्सएमपी ही सोय समजून घ्यायला हवी. ॲडोबीने ती २००१ साली आणली आणि २०१२ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. फोटोशेजारी त्याच नावाची एक लहान मजकुराची फाइल बसते. तिच्यात तारे, कळशब्द, फोटोखालच्या ओळी आणि संपादनाच्या सूचना असतात. तारे, कळशब्द आणि फोटोखालची ओळ दुसऱ्या साधनाला वाचता येते. उजेड-रंगाच्या सूचना मात्र क्वचितच नीट पोचतात, कारण प्रत्येकाचा हिशोब वेगळा. म्हणून लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्याने कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जाऊन बदल आपोआप एक्सएमपीत लिहिण्याची सोय चालू करावी, आणि वर्षातले जे पन्नास-शंभर फोटो खरेच जपायचे आहेत ते १६ बिट टिफ किंवा पूर्ण दर्जाच्या जेपेगमध्ये वेगळे काढून ठेवावेत. ती तयार प्रत कोणत्याही काळात उघडेल. कळशब्द मराठीतही चालतात. युनिकोडमुळे शोधही नीट होतो. फक्त ‘किल्ला’ आणि ‘किल्ले’ हे यंत्राला वेगळे शब्द आहेत, तेव्हा एकच रूप ठरवून पाळावे.

ॲडोबीकडे वळू. टॉमस आणि जॉन नोल या भावांचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, लाइटरूम २००७ साली. आजही सोपेपणा, आकाश किंवा माणूस एका क्लिकमध्ये वेगळा निवडण्याची सफाई, नॉइज घालवण्याची ताकद, आणि मराठी-हिंदीत मिळणारे शिकवणीचे व्हिडिओ, यांचा एकत्र विचार केला तर लाइटरूम क्लासिकच्या तोडीचे दुसरे काही नाही. हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण ते भाड्यानेच मिळते. २०१३ साली ॲडोबीने एकरकमी विक्रीपासून तोंड फिरवले. लाइटरूम ६ हे त्यानंतरही विकत मिळालेले शेवटचे लाइटरूम, २०१५चे. छायाचित्रकारांसाठीची २० जीबीची स्वस्त योजना जानेवारी २०२५पासून नव्या ग्राहकांना बंद झाली. भाडे थांबवले की क्लासिकमध्ये फोटो पाहता येतात, शोधता येतात, बाहेर काढता येतात; पण डेव्हलप विभाग बंद होतो, म्हणजे संपादन थांबते. वर्षाच्या करारावर दरमहा पैसे भरण्याची योजना मध्येच सोडली तर दंड लागतो, आणि हा दंड ग्राहकांपासून दडवल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर खटला भरला. आठवड्याला फोटो काढणाऱ्याला हे भाडे परवडेल आणि पटेलही. वर्षातून दोन सहली आणि एक दिवाळी टिपणाऱ्याने ते भरू नये.

आपल्याकडे यावर काढलेला तोडगा सर्वांना ठाऊक आहे: क्रॅक केलेली प्रत. नीतीचा प्रश्न तर आहेच, आणि तो लहान नाही. जो माणूस आपला फोटो कुणी न विचारता वापरला की संतापतो, त्याने दुसऱ्याचे कष्ट असे उचलू नयेत. त्याशिवाय ही प्रत म्हणजे अनोळखी माणसाने उघडून पुन्हा बंद केलेला प्रोग्राम; त्यातून संगणकात काय शिरले ते कळत नाही. आणि ती अद्ययावत होत नाही, त्यामुळे नवा कॅमेरा घेतला की त्याची रॉ फाइल उघडत नाही. जुनी पण कायदेशीर प्रत असलेल्यांसाठी ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे. नव्या कॅमेऱ्याची फाइल डीएनजी या ॲडोबीच्या रॉ प्रकारात बदलली की जुन्या लाइटरूमला ती वाचता येते.

एकरकमी पैसे मोजून मिळणाऱ्यांत दोन नावे विचारात घ्यावीत. डेन्मार्कचे कॅप्चर वन रंगांसाठी आणि स्टुडिओत कॅमेरा संगणकाला जोडून काम करण्यासाठी नावाजलेले आहे. महाग आहे, आणि हौशी माणसाला त्याची बहुतेक ताकद लागत नाही. डीएक्सओचे फोटोलॅब मात्र एका जातीच्या हौशी माणसाला नक्की सुचवीन: पक्षी आणि वन्यजीव टिपणाऱ्याला. ताडोबात पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ ६४०० वर काढलेला फोटो नॉइजने भरलेला असतो. फोटोलॅबमधले डीपप्राइम हे तंत्र २०२०पासून आहे आणि ते पिसांची रेघ न पुसता नॉइज कमी करते; शिवाय ही कंपनी प्रयोगशाळेत प्रत्येक लेन्सचे मोजमाप करून तिचे दोष सुधारते. असे काम करायला संगणकात बरे ग्राफिक्स कार्ड लागते. नाहीतर एकेका फोटोला काही मिनिटे थांबावे लागेल. लाइटरूमच्या डीनॉइजचेही तेच.

इंग्लंडच्या सेरिफ कंपनीचे अफिनिटी फोटो २०१५ साली आले आणि एकदाच पैसे घेऊन फोटोशॉपचे बरेचसे काम करणारे साधन म्हणून लोकप्रिय झाले. २०२४ साली कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अफिनिटी सर्वांना फुकट केले. कॅनव्हाचे खाते लागते, आणि एआयच्या सोयींना पैसे पडतात. लेयर, जोडकाम, रिटच यांसाठी आज फुकटात याहून चांगले मिळणार नाही. पण वर पिकासा आणि निकची गोष्ट सांगितली ती याचसाठी: मोठी कंपनी फुकट देते तेव्हा तिचा विचार कधीही बदलू शकतो. अफिनिटी वापरावे, आणि महत्त्वाच्या फोटोंची टिफ प्रत बाहेर काढून ठेवावी.

आता माझ्या दृष्टीने या आढाव्याचा गाभा: मुक्त सॉफ्टवेअर. डार्कटेबल २००९ साली योहानेस हानिका यांनी सुरू केले, आज जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. २०१७च्या अखेरीस विंडोजवर आले, तेव्हापासून आपल्याकडच्या सामान्य संगणकावरही बसते. लाइटरूमसारखेच ते लावते, निवडते, रॉ विकसित करते, आणि मास्कच्या बाबतीत तर फार बारकाईने काम करू देते: एखादा रंग, एखादी उजेडाची पातळी, एखादा आकार, आणि या सर्वांची बेरीज-वजाबाकी. राजगडावरच्या पावसाळी धुक्यात बुरूज उठून दिसावा पण धुके मात्र मऊच राहावे, असे काम त्यात फार सुंदर होते. आणि टिकाऊपणाच्या कसोटीवर ते पहिले येते. प्रत्येक फोटोशेजारी ते न सांगता एक्सएमपी फाइल ठेवते. कॅटलॉग बिघडला तरी काम वाचते. त्याचा मूळ कोड खुला असल्याने ते विकत घेऊन कुणी बंद करू शकत नाही.

अडचणही मोठी आहे. डार्कटेबल शिकायला कठीण आहे, आणि त्याचे चाहते हे मान्य करायला तयार नसतात. एकाच कामासाठी त्यात तीन-तीन मॉड्यूल दिसतात. पहिल्यांदा उघडलेला फोटो फिका वाटतो. नवख्याने एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, नॉइज कमी करणारे मॉड्यूल आणि क्रॉप, एवढीच साधने ‘क्विक ॲक्सेस’मध्ये ठेवावीत आणि तीन महिने बाकी कशाला हात लावू नये. इतका धीर असेल त्याला पुढे कुणाचे भाडे भरायची गरज उरत नाही. धीर नसेल त्याने रॉथेरपी पाहावे. ते मूळचे हंगेरीतल्या गाबोर होर्वात यांचे, २०१०पासून मुक्त, आणि एकेका फोटोवर बारीक काम करायला जरा सरळ. हजारो कौटुंबिक फोटो लावण्यासाठी डिजीकॅम, पिकासाची जागा भरून काढेल असे.

गिंप हे चित्रातच फेरफार करण्याचे मुक्त साधन बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ साली सुरू केले. लावलेला फिल्टर नंतर बदलता यावा ही साधी अपेक्षा पुरी व्हायला मार्च २०२५ची ३.० आवृत्ती यावी लागली. रॉ फाइल ते स्वतः उघडत नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवते. त्या दोघांच्या जोडीला तिसऱ्या कामासाठी ठेवावे, एकटे नको. फोटोवर देवनागरी ओळ टाकायची असेल तर कोणत्याही साधनात आधी ‘क्त्र’, ‘द्ध्य’ अशी जोडाक्षरे टाइप करून पाहावीत; फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ती मोडत असत.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांसाठी फार शोध घेण्याची गरज नाही. स्नॅपसीड फुकट आहे, डीएनजी उघडते, जाहिराती नाहीत. मात्र ते गुगलचे आहे, तेव्हा वरचा नियम त्यालाही लागू.

एआयबद्दल दोन शब्द, कारण आता ‘कोणात एआय जास्त’ यावरच सॉफ्टवेअर विकले जाते. नॉइज घालवणे किंवा आकाश निवडून देणे ही मेहनत वाचवणारी मदत आहे. फोटोशॉपमध्ये २०२३ साली आलेले जनरेटिव्ह फिल हे वेगळे प्रकरण आहे: जे समोर नव्हते ते ते रेखाटते. ज्याला निसर्ग छायाचित्रांच्या स्पर्धांत भाग घ्यायचा आहे त्याला ही सोय कामाची नाहीच. फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या व्याख्येनुसार निसर्ग विभागात चित्रातली वस्तू काढणे किंवा घालणे चालत नाही, क्रॉप चालतो. वर्ल्ड प्रेस फोटोने २०१५ साली मूळ फाइल्स तपासल्या, तेव्हा शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका बाद झाल्या. मूळ रॉ फाइल जपणे आणि तिला धक्का न लावणारे साधन वापरणे याचा हाही एक उपयोग.

सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी पडद्याकडे पाहावे. लॅपटॉपचा पडदा फार उजळ ठेवून सुधारलेला फोटो लॅबमधून काळवंडून येतो आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. उजेड निम्म्यावर आणावा, फाइल एसआरजीबी रंगात द्यावी, आधी एक छोटी प्रिंट काढून पाहावी. नियमित प्रिंट काढणाऱ्याने पडदा मोजणारे उपकरण मित्रमंडळात मिळून घ्यावे.

माझा कौल असा. नवख्याने कॅमेरा कंपनीचे सॉफ्टवेअर. धीर असलेल्याने त्यानंतर डार्कटेबल, सोबत अफिनिटी किंवा गिंप. पक्षी-वन्यजीववाल्याने फोटोलॅब. दर आठवड्याला फोटो काढणाऱ्याने आणि वेळ कमी असणाऱ्याने लाइटरूम क्लासिक, एक्सएमपी चालू ठेवून. निवडण्याआधी आपले स्वतःचे वीस रॉ फोटो घ्या, त्यांत एक उन्हातला, एक अंधारातला, एक माणसाच्या चेहऱ्याचा असू द्या, आणि ते दोन-तीन साधनांतून काढून शेजारी ठेवून पाहा. वाचलेल्या पैशांतून आधी दुसरी हार्ड डिस्क घ्या, रॉ आणि एक्सएमपी दोन्ही तिच्यावर उतरवा, आणि ती दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.